समोरच्या दवाखान्यास

४ मार्च

लाडोबा,

तुझ्याशी बोलणार नाही अशी शपथ मी बारा वर्षांपूर्वी घेतली होती. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं, त्यामुळे शपथ शाबूत आहे. हे पत्र मावशी रस्ता ओलांडून तुझ्या दवाखान्यात आणून देईल. तिच्यावर डोळे वटारू नकोस. ती बिचारी माझ्या दवाखान्याचा केर काढते, पेशंटना दटावते आणि तुझा विषय निघाला की खिडक्या पुसायला जाते.

कालच्या सभेला मी मागे बसले होते. तू पाहिलंस की नाही, माहीत नाही. आपल्या भागातले पाच दवाखाने बंद करायचे आणि त्या रिकाम्या पडलेल्या कचेरीला रंग फासून सगळ्या डॉक्टरांना तिथे नेऊन कोंबायचं, याला म्हणे 'सामायिक आरोग्य केंद्र' म्हणतात. सामायिक! लहानपणी आपल्या दोघांना एक सामायिक सायकल होती. बसायचास तू, ढकलायची मी. त्यामुळे या शब्दाचा अर्थ मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आणि ठराव मांडायला उभं कोण? तर आमचे बंधुराज, डॉक्टर संघटनेचे अध्यक्ष. काय तो थाट! अर्धा तास बोललास, तोंडावरची माशी हलली नाही. दातवाल्याने विनोद केला, सगळी सभा हसली, तू मख्ख. आणि आवाज? मला कान टवकारावे लागले. मोठी माणसं हळू बोलतात, म्हणजे लोक पुढे झुकून ऐकतात, ही युक्ती कोणाकडून शिकलास? पूर्वी तू जेवायला हाक मारलीस तरी शेजारची मुलं जेवायला बसायची.

आज नोटीसही आली. खाली तुझी सही. तुझी सही एके काळी अर्धं पान खायची, आता मुंगी शाईतून चालत गेल्यासारखी दिसते. नम्रपणा आला असेल तर माझ्या माहितीप्रमाणे तो सहीत येत नाही.

मी येणार नाही. हा दवाखाना बाबांनी मला दिला. 'दवाखाना थोरलीचा' असं ते सगळ्यांदेखत म्हणाले, तुझं तोंड एवढंसं झालं, आणि ते जाऊन महिना उलटायच्या आत तू बरोबर समोरचा गाळा घेऊन दुप्पट मोठी पाटी लावलीस. तेव्हापासून माझा नियम आहे आणि तो सगळ्या गल्लीला पाठ आहे. जो एकदा तुझ्या पायऱ्या चढला त्याला माझ्याकडे औषध नाही. दारात आला की मी दोनच शब्द बोलते, "समोर जा." बारा वर्षांत एकालाही सूट दिलेली नाही. तूही माझ्या पेशंटना असंच परत लावत असशील, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

परवान्याच्या साहेबांचं म्हणणं, माझ्या दाराला तीन पायऱ्या आहेत, उतार नाही, म्हणून नूतनीकरण नाही. अरे, त्या तीन पायऱ्या चढताना कोण धापा टाकतं ते मला खुर्चीतून दिसतं. माझी निम्मी तपासणी तिथे होते. पण हे त्या उंटावरच्या शहाण्यांना कोण सांगणार, आणि तुला सांगून तरी काय फायदा.

नाइलाजाने तुझी बहीण,
ताई


११ एप्रिल

लाडोबा,

हसून घे. आले मी. परवाना नसेल तर दवाखान्याला टाळं लावू म्हणाले, तेव्हा माझ्या पेशंटना घेऊन मी रस्त्यावर बसणार होते की काय?

केंद्र पाहिलं. बाहेरून बँक, आतून विमानतळ, आणि वास शाळेच्या मुतारीचा. चौकशीच्या खिडकीला काच, काचेला भोक, ते भोक अशा उंचीवर की उंच माणसाला वाकावं लागतं आणि बुटक्याला टाचा उंच कराव्या लागतात. खुर्च्या पाच-पाचच्या जोडलेल्या, एकाने पाय हलवला की पाचही पेशंट हलतात. माझ्याकडे लोक आले की "शेवटचं कोण?" विचारायचे आणि आपला नंबर आपण लक्षात ठेवायचे, कोणाला जास्त त्रास असेल तर त्याला पुढे सोडायचे. इथे यंत्रातून आकड्याची चिठ्ठी येते. पहिल्या दिवशी सगळ्यांनी चिठ्ठ्या घेतल्या, घड्या घालून खिशात ठेवल्या आणि मग एकमेकांना विचारलं, "शेवटचं कोण?" मला फार बरं वाटलं.

इथला व्यवस्थापक तिशीचा आहे. गळ्यात रुंद पट्टा, त्याला स्वतःचाच फोटो लटकवलेला. मी त्याला पट्टेवाला म्हणते. मावशीने परवा त्याच्या तोंडावर म्हटलं आणि त्याने तिला पाणी आणून दिलं, म्हणजे मनाने वाईट नसावा. पण डोक्यात भुसा आहे. माझ्या खोलीचं दार उघडं होतं तर धावत आला.

"डॉक्टर, दार उघडं ठेवता येणार नाही."

"का?"

"गोपनीयता."

"पेशंट आत आला की लावीन. तो येईपर्यंत कसली गोपनीयता? त्याचं चालणं गुप्त आहे का?"

"तसं नाही, पण दाराला स्प्रिंग आहे. ते आपोआप लागतं."

मी कपाटातला तो औषधशास्त्राचा जाडजूड ग्रंथ काढला आणि दाराखाली सरकवला. कॉलेज सोडल्यापासून त्याचा पहिल्यांदा उपयोग झाला. आता मला त्यांचा तो लांबलचक बोळ दिसतो. कॉरिडॉर म्हणायचं असतं म्हणे. कुठल्या अक्कलशून्याने काढला कोण जाणे, आजाऱ्याला डॉक्टरपर्यंत पोहोचायला अर्धा फर्लांग चालावं लागतं.

बाबांची शिकवणी आठवते ना? पडद्यामागे आपण दोघं, दोघांत मिळून एक स्टूल. "जीभ काय वाट्टेल ते सांगेल. पाय बघा." पेशंट दारातून टेबलापर्यंत यायचा तेवढ्यात आपण ओळखायचं, दुखणं कुठे आहे. तू नेहमी माझ्याआधी ओळखायचास. तेव्हा मी कधी कबूल केलं नाही, आताही करत नाहीये.

माझ्या शेजारची खोली तुला दिली आहे. मागून घेतलीस की माझं नशीबच फुटकं? मधली भिंत पुठ्ठ्याची आहे. दातवाला तीन खोल्या पलीकडे, त्याचं यंत्र माझ्या दाढेत घुसतं. तुझा मात्र शब्द ऐकू येत नाही. पेशंटशी कुजबुजतोस काय रे? आणि येतोस कधी, जातोस कधी, पत्ता नाही. मावशी म्हणते, गाडी लावून मागच्या दाराने सगळ्यांच्या आधी येतोस आणि सगळे गेल्यावर जातोस. तोंड चुकवत असशील तर ते बरंच आहे.

ताई


२ मे

लाडोबा,

हा काय खेळ मांडला आहेस?

सोमवारी यंत्राने माझ्याकडे शिंपीकाका पाठवले. तेच, कोपऱ्यावरचे. बाबांच्या वेळेपासून आपल्याकडे यायचे आणि तू पाटी लावल्यावर पहिल्या वर्षीच रस्ता ओलांडून तुझ्याकडे गेलेले. दारातून येताना बघितलं, दोन्ही चपलांचे पट्टे सोडलेले.

मी म्हटलं, "तुम्ही समोरचे ना?"

"समोर आता भिंत आहे, बाई."

"मग शेजारी जा."

"मशीन तुमच्याकडे जा म्हणालं. मी म्हातारा माणूस, किती ठिकाणी जाऊ?" आणि बसले.

हाकलायला तोंड उघडलं होतं. पण पाय पाहिले होते ना. घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. मग काय करते? झोपवलं, तपासलं. लघवीची गोळी कधी बदलली विचारलं, तर म्हणतात, "डॉक्टरांनी हल्लीच बदलली. म्हणाले, यापुढे तुमच्यावर नीट लक्ष ठेवणारं कोणीतरी पाहिजे." म्हणजे लक्ष ठेवणं तुझ्याच्याने होत नाही आणि ते तू पेशंटला सांगतोस! धन्य आहे तुझी.

जाता जाता काका काय म्हणाले ते लिहिते, कारण ते मला चावतं आहे. "बाई, डॉक्टरांनी कधी कोणाला माघारी लावलं नाही. तुमच्याकडचे कितीतरी जण गुपचूप यायचे त्यांच्याकडे. 'समोर जा' हे फक्त तुमच्या दारात ऐकायला मिळायचं." मी छातीला नळी लावली आणि त्यांना तोंड बंद करून श्वास घ्यायला सांगितलं.

मग मंगळवारी तुझी ती निवृत्त शिक्षिका. बुधवारी तो मधुमेहाचा ड्रायव्हर, त्याची बायको, बायकोची आई. आठवडाभर माझ्या खोलीत निम्मे लोक तुझे! पट्टेवाल्याला जाब विचारला तर म्हणतो, "सिस्टिम वाटप करते, डॉक्टर. जो मोकळा असेल त्याच्याकडे." मी काय मोकळी होते? माझे बाहेर ताटकळत होते, आणि तू शेजारी बसून काय करत होतास? आराम?

आता कळलं ठराव का मांडलास. कामाचा कंटाळा आला, पण पाटी उतरवायला मन होत नाही. तेव्हा सगळ्यांना एका छपराखाली आणा, आपले पेशंट हळूच थोरलीच्या गळ्यात मारा, आणि आपण अध्यक्ष म्हणून मिरवा. सायकल पुन्हा मीच ढकलायची. वा रे वा!

तर ऐक. मी काल राजीनामा दिला. या महिन्याची अखेर हा माझा शेवटचा दिवस. माझ्या पेशंटना मी घरी बसून बघेन, परवाना असो नसो, मला तुरुंगात टाकायचं तर टाका. तुझ्या पेशंटचं तू बघ. मी तुझं ओझं वाहायला जन्माला आलेली नाही.

ताई


९ मे

अरे,

आज मागच्या दाराला रंग देत होते, म्हणून तुला पुढून यावं लागलं.

मी टेबलाशी होते. दाराखाली ग्रंथ. बोळाच्या टोकाला एक माणूस दिसला, उजेड मागून होता, चेहरा दिसत नव्हता. मी सवयीने बघायला लागले. उजवा हात हलत नव्हता, नुसता अंगाला लागून होता. पाऊल उचलत नव्हता, सरकवत होता. दातवाल्याने मागून हाक मारली तर मान वळली नाही, अख्खा माणूस वळला, तोही थांबत थांबत. मी मनात म्हटलं, हा बराच पुढे गेलाय, याच्या घरच्यांना डोळे नाहीत का?

मग माणूस जवळ आला आणि तो तू होतास.

तू माझ्या दारासमोरून गेलास, आत बघितलं नाहीस. तुझं दार लागलेलं ऐकलं. त्यानंतरच्या पेशंटला मी काय लिहून दिलं ते मला पुन्हा तपासावं लागलं.

घरचं माणूस म्हणजे मीच की रे. आई-बाबा गेले, तुझी बायको गेली, पोरगी लांब. मख्ख तोंड, दबका आवाज, मुंगीची सही. मार्चपासून मी तुला तुझी लक्षणं लिहून पाठवते आहे आणि त्याला माज म्हणते आहे. पहिल्या वर्षाचं पोर ओळखेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच. एवढी मोठी डॉक्टर मी, गल्लीतल्या लोकांच्या चालीवरून त्यांची यकृतं ओळखते, आणि स्वतःच्या भावाला शिव्या देत बसले.

कंपवात आहे. तुला माहीत आहे का? माहीत नसेल तर हे पत्र वाचून घाबरू नकोस, औषधं चांगली आहेत. माहीत असेल तर कोणाला दाखवलंस, काय घेतोस, किती घेतोस? लिहायचा त्रास होत असेल तर लिहू नकोस, मावशीपाशी नुसतं हो किंवा नाही सांग. ती बाहेर उभी आहे. उत्तर घेतल्याशिवाय हलू नको असं मी तिला बजावलं आहे.

ताई


१३ मे

मूर्खा,

मावशीपाशी नुसतं 'हो' सांगून पाठवलंस, आणि काल संध्याकाळी तू माझ्या खोलीत आलास, बोललास, निघून गेलास आणि मी तोंडात मारल्यासारखी बसून राहिले. बारा वर्षांनी भाऊ बोलला आणि बहिणीला शब्द सुचेना. आता सुचताहेत. आता माझी पाळी.

दारातल्या ग्रंथाकडे बघून तू म्हणालास, "अजून पाठ नाही झाला वाटतं?" विनोद तुझाच, आवाज कोणा आजाऱ्याचा. मग बसलास. खुर्चीत बसायला किती वेळ घेतलास ते मी बघत होते आणि मी बघते आहे हे तू बघत होतास.

"ताई, राजीनामा मागे घे."

"तुला कधी कळलं?"

"झाली दोन वर्षं."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कोण पाहिजे? दुकानाच्या काचेत एक माणूस चालताना दिसला. म्हटलं, याचा उजवा हात हलत नाही. मग बघितलं तर शर्ट माझा."

इथे तू हसलास, निदान मला तसं वाटलं. तुझ्या तोंडावरून आता कळत नाही.

मग म्हणालास, टाके घालणं तेव्हाच सोडलं. सुई टोचणं मागच्या वर्षी. या महिनाअखेरीस सगळंच सोडायचं आणि पोरीकडे जाऊन राहायचं. मी विचारलं, "मग पेशंट?"

"म्हणून तर हे सगळं केलं. दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला मन धजत नाही. लहान मुलांचा डॉक्टर मोठ्यांना हात लावत नाही, ती नवी डॉक्टर मुलगी सहा महिन्यांनी बदलीवर जाईल. राहिलीस तू. माझा दवाखाना बंद झाल्यावर ते तुझ्या पायऱ्या चढले असते तर तू काय म्हणाली असतीस?"

काय म्हणाले असते ते सगळ्या गल्लीला माहीत आहे.

"इथे तुला कोणाला हाकलता येत नाही. पट्टेवाल्याला मीच सांगून ठेवलं होतं, माझे पेशंट आधी ताईकडे सोड. पाय बघितले की तू सोडणार नाहीस, हे मला ठाऊक होतं." एवढं बोलून तू उठलास आणि गेलास. मी तुला दारापर्यंत हातसुद्धा दिला नाही.

आता ऐक. अरे गाढवा, रस्ता ओलांडायचा आणि म्हणायचं, ताई, मला कंपवात झालाय, माझी माणसं सांभाळ. एवढंच. एका दमात म्हणून झालं असतं. त्याऐवजी तू संघटनेचा अध्यक्ष झालास, साहेबांचे उंबरे झिजवलेस, नकाशे पास करून घेतलेस, पाच दवाखाने उठवलेस, शहरभर शत्रू करून ठेवलेस, अख्ख्या कचेरीला रंग दिलास! बहिणीशी एक वाक्य बोलायचं टाळायला माणूस इमारत उभी करतो, असं मी कधी ऐकलं नव्हतं. नाक मुरडून बघायची इमारत, पण तीसुद्धा माझ्यासाठी, हे कळल्यावर त्या भिंतींकडे बघवत नाही.

आणि मी? तू आला असतास तर मी तुला आत घेतलं असतं का? खरं सांगू? पहिल्या दिवशी दार लावलं असतं. दुसऱ्या दिवशी मीच तुझ्याकडे धावत आले असते. पण तो पहिला दिवस तुला झेपला नसता, हे तू ओळखलंस. तू नेहमी माझ्याआधीच ओळखायचास, घे, केलं कबूल.

दोन वर्षं तू एकटा घरी गेलास, एकटा गोळ्या घेतल्यास, शर्टाच्या गुंड्यांशी एकटा झगडलास, आणि मी समोर बसून तुझी पाटी किती मोठी आहे हे मोजत होते. मला फार वाईट वाटतंय रे. फार. काल बोलता आलं नाही.

राजीनाम्याचं बघते.

ताई


२७ मे

लाडोबा,

राजीनामा मागे घेतला. सोपं नव्हतं. पट्टेवाला म्हणाला, "मागे घ्यायची पद्धत वेगळी असते, डॉक्टर, वरून मंजुरी लागते." मी म्हटलं, "तू वर जा, मंजुरी घे, आणि येताना मला चहा आण." दोन्ही घेऊन आला. पोरगं कामाचं आहे, फक्त कोणी काम सांगितलेलं नव्हतं.

दोन आठवडे तुझी माणसं रीतसर बघते आहे. आणि आता तुला सांगते, तू केलेली ही सगळी योजना फसली आहे.

तुझे पेशंट मला काही सांगत नाहीत. शिक्षिकेला विचारलं, झोप का लागत नाही? म्हणते, "डॉक्टरांना माहितीये." ड्रायव्हरला विचारलं, साखर मध्येच एवढी का चढते? मान खाली घालून म्हणतो, "ते डॉक्टरांना माहितीये." त्याची बायको रडते, का रडते ते डॉक्टरांना माहितीये. शिंपीकाका तर माझ्यासमोर बसून भिंतीकडे बघतात, तू पलीकडे आहेस म्हणून. बारा वर्षं जे तुझ्यापाशी बोलले ते तू कुठल्या कागदावर लिहून ठेवलेलं नाहीस, आणि ठेवलं असतंस तरी तुझं ते मुंगीचं अक्षर कोणाला लागणार होतं? इमारत दिलीस, यंत्र दिलंस, पेशंट दिलेस. त्यांचा डॉक्टर तेवढा गाडीत घालून पोरीकडे न्यायला निघालास.

मावशी सांगते, तुझ्या खोलीत खोकी भरणं चाललंय. थांबव. पोरीशी मी फोनवर बोलले. ती रडली, मी रडले, मग दोघींनी मिळून तुला नावं ठेवली, तेव्हा जरा मोकळं वाटलं. ती म्हणते, बाबा दिवसभर घरात एकटे बसतील, मी कामावर. म्हणजे इथे माणसांत बसायचं सोडून तिथे खिडकीत बसायला निघाला होतास. ती पुढच्या महिन्यात स्वतः येते आहे. तुझं जाणं रद्द.

आज दुपारी तू जेवायला गेलास तेव्हा मी तुझी खुर्ची ओढत माझ्या खोलीत आणली. पट्टेवाला आडवा आला, एका खोलीत दोन डॉक्टर चालत नाहीत म्हणाला. मी म्हटलं, "एक डॉक्टर आणि एक पेशंट आहे, हे चालतं ना?" मग त्याने दुसऱ्या बाजूने खुर्ची धरली.

तर उद्यापासून तू माझ्या टेबलाशी बसायचंस. हात मी लावीन, औषध मी लिहीन, टाके मी घालीन. तुझ्या माणसांशी तू बोलायचंस, पाहिजे तेवढ्या हळू. मी जवळच असेन, मला ऐकू येईल. जमेल तितके दिवस, जमेल तितका वेळ. थकलास की त्या कोपऱ्यातल्या तपासणीच्या पलंगावर आडवा हो, पडदा ओढून देईन.

आणि शेवटचा माणूस गेला की मी तुला तपासणार. रोज. बोटं उघडमीट करायची, बोळातून चालून दाखवायचं, गोळीचा असर कोणत्या वेळी उतरतो ते खरं खरं सांगायचं. लाज वाटेल, वाटू दे. मला उलट उत्तरं दिलीस तर मावशी मध्ये पडणार नाही, तिला सांगून ठेवलंय.

एक गोष्ट मात्र नीट समजून घे. पेशंट म्हणून तुला आजपासून घेतलं आहे. भाऊ म्हणून माझा राग गेलेला नाही. बारा वर्षांचा आहे, त्यात तुझ्या या दोन वर्षांची भर. तो सावकाश जाईल, मला घाई नाही. तेवढा वेळ तू टिकायचंस.

ताई